मैदानाचा बट्टा

आमच्या मास्तरांच्या पुढं बढाई मारायची सोय नव्हती. तुम्ही काहीही सांगायला जा, ते मान तिरकी करून आधी विचारायचे, "कुठं?"

कुणी म्हणालं, अमक्याचा गळा फार गोड आहे, की मास्तर म्हणायचे, "कुठं? देवळात? घुमटाखाली कुणीबी गोड गातंय. माळावर उभं करा, मग बघू." कुणी म्हणालं, तमक्याच्या घरचं पिठलं एकदा खाऊन बघा, की मास्तर विचारायचे, "तुम्ही खाल्लं तवा भूक किती लागली हुती?" एकदा गावातले एक वजनदार गृहस्थ वारले. स्मशानातून परतताना लोक रिवाजाप्रमाणे बोलत होते, माणूस फार शांत होता हो, कुणाला कधी वर आवाज करून बोलला नाही. मास्तर मागून चालत होते. त्यांच्यानं राहवलं नाही. म्हणाले, "कुठं? घरात का बाहेर?" गृहस्थांचे दोन्ही मुलगे शेजारीच होते. थोरल्यानं डोळे वटारले. धाकटा मात्र खाली बघत म्हणाला, "बाहेर."

मास्तर परंड्याच्या शाळेत हिशेब शिकवायचे. मूळचे अणदूरचे, म्हणून मराठी आणि कानडी दोन्ही घरच्या. नोकरी निजामाची, म्हणून उर्दू पोटाची. ते मोजायचे कानडीत, रागवायचे उर्दूत आणि राग उतरला की मराठीत समजूत घालायचे. धोतरावर शेरवानी घालायचे आणि शेरवानीच्या खिशात सुतळीचा गुंडा ठेवायचे, कुठं काय मोजायची वेळ येईल सांगता येत नाही म्हणून.

वर्गातही तेच. मागच्या रांगेतल्या पोरांना ते चार मार्क जास्त द्यायचे, कारण त्यांना फळा नीट दिसत नाही. खिडकीशी बसणाऱ्यांचे दोन कापायचे, कारण त्यांना वारा लागतो आणि डोकं थंड राहतं. हे कळल्यावर सगळा वर्ग मागं सरकला. मास्तरांनी दुसऱ्या दिवशी ते चार मार्क रद्द केले. म्हणाले, "आता मागं गर्दी झाली. म्हंजे एकमेकांचं बघून लिवायची सोय वाढली." मी त्याच वर्गात होतो, आणि मोठ्या मारामारीनं मिळवलेली मागची जागा माझ्या काही उपयोगी पडली नाही.

शाळा संपल्यावर मी आमच्या अप्पांच्या, म्हणजे वडलांच्या, किराणा दुकानात अडकलो. अडकलो हाच शब्द बरोबर आहे. तेलाचे डबे, गुळाच्या ढेपा आणि त्यांच्यावर बसणाऱ्या माश्या यांत मला काडीचाही रस नव्हता. मला एकच गोष्ट येत होती आणि ती मी आजही छाती ठोकून सांगतो: विटीदांडू. आमच्याकडं तीन टोल्यांचा डाव असायचा. जमिनीत एक लांबट खाच उकरलेली असते, तिला आम्ही गल म्हणायचो. गलीवरून विटी उडवायची, पडली की तिच्या टोकावर दांडू मारून पुन्हा उडवायची आणि हवेतच टोला द्यायचा. जिथं पडेल तिथून पुढचा. तीन टोले झाले की गलीपासून विटीपर्यंतचं अंतर दांडूनंच मोजायचं. जितके दांडू तितके गुण. माझी एका डावाची सरासरी दोनशे दहा होती. परंड्यात दुसऱ्या कुणाचे दीडशेच्या वर गेले नव्हते.

हे मी मास्तरांना सांगायला गेलो, हा माझा गाढवपणा.

"दोनशे दहा?" मास्तर म्हणाले. "कुठं?"

"हितंच की मास्तर. किल्ल्याजवळच्या मैदानात."

"ती जमीन बघितलीस का? फरशीवानी टणक. वरनं उतार. विटी पडली की आपल्या पायानं चालायली. मग दोनशे दहातले तुझे किती आन् मैदानाचे किती?"

मी आठ दिवस त्यांच्याशी बोललो नाही. नवव्या दिवशी ते स्वतःच दुकानात आले, सुपारी घेतली, आणि माझी समजूत घालायला जे बोलले ते असं. निजामाच्या मुलखात हाली रुपया चालायचा आणि बार्शीला, इंग्रजी हद्दीत, कलदार. हाली हलका. हाली देऊन कलदार घ्यायचा तर वर बट्टा द्यावा लागे. आमच्या परंड्यातल्या शेंबड्या पोराला हे ठाऊक होतं, कारण बार्शीचा बाजार जवळ. मास्तर म्हणाले, "रुपया दोन्हीकडं रुपयाच म्हणतेत. पर बट्टा धरल्याबगर बरोबरी करशील का? तसा मैदानाचा बट्टा असतोय. परंड्याचा दांडू हाली हाय बाबा." हे ऐकून माझं समाधान झालं असं त्यांना वाटलं. ते सुपारी चघळत निघून गेले आणि मी आणखी आठ दिवस बोललो नाही.

आणि अशात ते फर्मान आलं. जिल्ह्याच्या गावच्या मोठ्या शाळेत देशी खेळ शिकवायला एक मददगार नेमायचा होता. विटीदांडूत जो सगळ्यांत तरबेज त्याला ती जागा. पगार बरा, राहायला खोली, अंगावर खाकी कोट. अर्ज तीन आले. अणदूरचा एकजण निकालाची वाट न बघता सोलापूरला गिरणीत लागला. उरलो मी, आणि तामलवाडीचा बिरू नावाचा एक धनगर.

अप्पांनी मला समोर बसवलं. "लागली नोकरी तर जा, मी आडवा येत न्हाय. न्हाय लागली तर मिरगापासनं ह्या गादीवर बसायचं आन् पुन्हा दांडूला हात लावायचा न्हाय. कबूल?" मी कबूल म्हणालो. माझ्या डोळ्यांपुढं तो खाकी कोट तरंगत होता. दुसरीकडं तेलाचा डबा होता.

आता दोघांना एका ठिकाणी आणून खेळवलं असतं तर दुपारपर्यंत निकाल लागला असता. पण त्या काळात दोन गावचे लोक मैदानात जमवायचे म्हणजे परवानगी, आणि परवानगी म्हणजे वर्षाची निश्चिंती. शिवाय बिरूला मेंढरं सोडून येता येत नव्हतं. म्हणून तालीम खात्याच्या, म्हणजे शिक्षण खात्याच्या, मोहतमीम साहेबांनी हुकूम काढला: प्रत्येकानं आपल्याच गावी दहा डाव खेळावेत, आणि हिशेबाच्या मास्तरांनी दोन्हीकडं हजर राहून सरासरी कळवावी. साहेबांना ते काम दोन ओळींचं वाटलं होतं. मास्तर तो कागद घेऊन माझ्याकडं आले तेव्हा त्यांचा चेहरा मुलगा झाल्यासारखा फुलला होता. मैदानाचा बट्टा काढायची संधी त्यांना सरकारनं दिली होती.

परंड्यात मी दहा डाव खेळलो. सरासरी दोनशे दहा. मग मास्तर तामलवाडीला निघाले, आणि जाताना परंड्याच्या मैदानाची माती एका पिशवीत भरून घेतली.

परंड्याहून तामलवाडीला जायचं म्हणजे निजामाच्या हद्दीतून बाहेर पडून बार्शी-सोलापूरच्या इंग्रजी मुलखातून पुन्हा निजामाच्याच हद्दीत शिरायचं. हद्दीवर करोडगिरीचा नाका. नाकेदार प्रत्येकाचं गाठोडं सोडून बघायचा आणि मालावर जकात घ्यायचा. त्यानं मास्तरांची पिशवी उघडली.

"ये क्या है?"

"मैदान है जनाब," मास्तर म्हणाले.

"मैदान?"

"परंडे का. नमुना."

नाकेदारानं चिमूटभर माती जिभेला लावून बघितली. मग त्यानं जकातीची वही काढली. तीत मीठ होतं, चुना होता, गेरू होता, माती नव्हती. मास्तरांनी त्याला मदत करायला म्हणून सांगितलं की येताना मी तामलवाडीचं मैदानही आणणार आहे, तेव्हा दोन्हींची एकदमच जकात ठरवा म्हणजे पुन्हा त्रास नको. नाकेदारानं त्यांना सावलीत बसवलं आणि हे वेडं आहे की बिलंदर, याचा तो बराच वेळ विचार करत राहिला. शेवटी त्यानं पिशवी रस्त्यावर उलटी केली आणि म्हणाला, "जाओ, बगैर मैदान के जाओ." तो वळताच मास्तरांनी ओंजळभर माती पुन्हा शेरवानीच्या खिशात भरली. ती शेरवानी पुढं कितीही धुतली तरी खिशातून खडे निघायचे.

तामलवाडीत बिरूचे दहा डाव झाले. सरासरी शंभर. परत आल्यावर मास्तरांनी हा आकडा सांगितला आणि मी मोठ्यानं हसलो. दोनशे दहा आणि शंभर! मास्तर हसले नाहीत.

"तिथलं मैदान बघितलंस का?" ते म्हणाले. "काळं रान. उन्हानं ह्या एवढाल्या भेगा पडल्यात. विटी भेगंत गेली की मेली. आत हात घालायच्या आधी काठी घालून बघायचं, इच्चू हाय का म्हणून. टोकावर दांडू मारावं तर खाली ढेकूळ फुटतंय आन् विटी हातभरसुदिक उडत न्हाय. आन् त्यो गडी तिथं शंभर मारायलाय. मागं मेंढरं, पुढनं वारा."

"मग त्याला इनाम द्या," मी म्हणालो.

मास्तरांनी पहिल्यांदा सगळंच मोजायचं ठरवलं. जमिनीचा टणकपणा, उतार, वारा, ढेकळं, भेगांची रुंदी. दोन ताटांत दोन गावची माती पसरून त्यांच्यावर वरून विटी टाकायची आणि ती किती उडते ते सुतळीनं बघायचं, असं दोन दिवस चाललं. त्यांच्या घरमालकिणीची ती ताटं होती. ती ओरडायला लागली तेव्हा मास्तरांच्या कागदावर सतरा रकाने झाले होते आणि प्रत्येक रकान्याचं उत्तर वेगळं येत होतं. एका हिशेबानं बिरूचे शंभर म्हणजे परंड्याचे एकशे तीस होते, दुसऱ्या हिशेबानं चारशे. चारशे ऐकून मी तो रकाना त्यांना पुन्हा तपासायला लावला.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते दुकानात आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "चुकलं. मैदान मोजायचं न्हाय. माप पाहिजे. एकच माप, दोन्हीकडं नेता येणारं. एकच माणूस हितं शंभर डाव खेळला आन् तिथं शंभर खेळला, तर त्याच्या दोन सरासऱ्यांत जो फरक, त्योच मैदानाचा बट्टा. बरोबर?"

मला बरोबर वाटलं. मी म्हणालो, "मग मीच जातो की."

"तू उमेदवार. तू तिथं मुद्दाम वाईट खेळशील."

हे इतकं खरं होतं की मी पुढचा प्रश्न विचारला. "मग कोण?"

"मी," मास्तर म्हणाले.

सांगायला हवं की मास्तरांना कुठलाच खेळ येत नव्हता. चेंडू त्यांच्याकडं टाकला तर तो त्यांच्या छातीला लागून पडायचा आणि मग ते हात पुढं करायचे. पण त्यांचं म्हणणं ठाम होतं. "चांगला खेळाडू एक दिवस चांगला, एक दिवस वाईट. त्याचं माप कसं धरावं? माझं तसं न्हाय. मी रोज वाईट. माझ्यावानी एकसारखा वाईट खेळणारा अख्ख्या जिल्ह्यात मिळायचा न्हाय."

त्यांनी बाभळीचे एकाच मापाचे दोन दांडू, एक खेळायला आणि एक मोजायला, आणि चार विट्या करून घेतल्या आणि त्यांना जुन्या लुगड्याची गवसणी शिवून घेतली. उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. रोज सकाळी धोतराचा काचा मारून, शेरवानी काढून, टोपी मात्र तशीच ठेवून मास्तर किल्ल्याजवळच्या मैदानात उतरायचे आणि मी मोजायला जायचो. पहिल्या दिवशी त्यांनी विटीला मारलं ते जमिनीला लागलं आणि हात असा झिणझिणला की ते कानडीत काहीतरी म्हणाले. तो आकडा नव्हता. येणारेजाणारे उभे राहून बघायचे. मास्तर त्यांना सांगायचे, "हसा, हसा. पर वारा अडवू नका, मापात फरक पडतोय." शंभर डावांची सरासरी चाळीस आली.

मग दांडू-विट्या घेऊन ते पुन्हा तामलवाडीला गेले. नाकेदारानं ओळखलं. "आज मैदान नहीं लाये?" मास्तर म्हणाले, "आज माप लाया हूं," आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. त्यानं त्यांना काही न तपासता सोडलं.

तीन आठवड्यांनी ते परतले ते उन्हानं काळे पडून. तामलवाडीत शंभर डाव, सरासरी वीस. हिशेब सरळ होता. त्यांचे परंड्यात चाळीस, तामलवाडीत वीस. म्हणजे तामलवाडीचा एक दांडू परंड्याच्या दोनाबरोबर. बिरूचे शंभर म्हणजे आपले दोनशे. माझे दोनशे दहा. दहा दांडूंनी मी वर. मी जिंकलो होतो, तेही मास्तरांच्या काट्यावर तोलून. मला काय वाटलं ते सांगत बसत नाही. त्या दिवशी मी अप्पांच्या तेलाच्या डब्यांकडंसुद्धा प्रेमानं बघितलं.

त्याच आनंदात दुसऱ्या दिवशी मी मास्तरांना मैदानात घेऊन गेलो. काम संपलं होतं, उगाच गंमत. ते बिरूबद्दल बोलत होते, त्याच्या मेंढरांची नावं सांगत होते आणि बोलता बोलता तीन टोले मारून मोकळे झाले. मी मोजत गेलो. विटीपाशी पोचलो तेव्हा मनात बावन्न झाले होते.

मी दुकानदाराचा मुलगा. तोंडी हिशेबाला मला वेळ लागत नाही. मास्तरांचा हात सुधारला होता. परंड्यात शंभर आणि तामलवाडीत शंभर, असे दोनशे डाव खेळून कुणाचाही सुधारेल. परंड्यात खेळले तेव्हा ते नवशिके होते, तामलवाडीत खेळले तेव्हा नव्हते. म्हणजे ते चाळीस आणि हे वीस एका मापाचे नव्हतेच. आजच्या हातानं परंड्यात पन्नास पडत असतील, तर तामलवाडीचा एक दांडू अडीचाबरोबर झाला. बिरूचे अडीचशे झाले. मैदानाच्या या टोकाला विटीपाशी उभ्या उभ्या माझा खाकी कोट गेला.

"किती?" गलीपासून मास्तरांनी विचारलं.

"एक्केचाळीस," मी म्हणालो.

पुढच्या डावाला पन्नास झाले, मी एकोणचाळीस म्हणालो. त्याच्या पुढच्यालाही पन्नासच, मी चाळीस म्हणालो. मास्तर खूश झाले. "बघितलंस? एवढी उन्हं खाल्ली तरी माप हललं न्हाय."

अहवाल उर्दूत पाठवायचा होता आणि मास्तरांचं अक्षर कुठल्याच लिपीत वाचता येत नसे. माझं उर्दू अक्षर वळणदार. म्हणून पक्की नक्कल करायचं काम माझ्याकडं आलं. सतरा पानं होती. मी लिहीत गेलो. सगळं माझ्याच बाजूनं होतं, त्यामुळं कंटाळा आला नाही. शेवटच्या पानावर मास्तरांनी लिहिलं होतं: 'मापासाठी खेळलेल्या इसमाचा हात पहिल्या डावापासून अखेरपर्यंत सारखाच वाईट राहिला. तामलवाडीहून परतल्यावरही त्यात फरक आढळला नाही. याची ग्वाही परंड्याचे उमेदवार देतील, कारण त्यांनी स्वतः मोजलं आहे आणि ते खोटं बोलणार नाहीत.' खाली सहीला जागा सोडली होती.

मी दौत बंद केली.

दोन दिवस ते पान दुकानाच्या गादीवर पडून होतं. मी त्याच्यावर कधी गुळाचा खडा ठेवायचो, कधी वजन. अप्पांनी एकदा उचलून बघितलं, उर्दू वाचता येत नसल्यानं परत ठेवलं. म्हणाले, "सही करायची तर कर, न्हायतर फाड. पर गिऱ्हाइकाच्या वाटंत ठिवू नगंस." मी सही करणार होतो, हे कबूल करतो. बोरू दोनदा शाईत बुडवला. पण ते 'खोटं बोलणार नाहीत' मी माझ्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, आणि मास्तरांनी ते लिहिताना एकदाही 'कुठं' असं विचारलं नव्हतं. त्याचाच मला राग आला. पिठल्यावर शंका घेणारा माणूस, मेलेल्या माणसावर शंका घेणारा माणूस, आणि माझ्या बाबतीत गाढवासारखा विश्वास ठेवून मोकळा झाला होता!

तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या खोलीवर गेलो. ते चूल पेटवत होते.

"मास्तर, बावन्न हुते," मी म्हणालो.

"काय बावन्न?"

"त्या दिवशीचे दांडू. एक्केचाळीस न्हाय, बावन्न. मागनं पन्नास, आन् मग पुन्हा पन्नास. मी खोटं बोललो."

मास्तरांनी फुंकणी खाली ठेवली. मी थोबाडीत खायच्या तयारीनं उभा होतो. धूर त्यांच्या तोंडावर येत होता आणि ते बाजूला सरकत नव्हते.

"बावन्न," ते म्हणाले. "माझे?"

"तुमचेच."

"परंड्याच्या मैदानात. माझे बावन्न." ते उठले, पुन्हा बसले. "अरे, मला तालमीत वस्तादानं तिसऱ्या दिवशी घरी धाडलं हुतं. वडलास्नी निरोप धाडला, ह्या पोराचा हात आन् डोळा एकमेकाला ओळखत न्हाय. तवापास्नं मी कशाला हात लावला न्हाय." मग एकदम त्यांच्या ध्यानात आलं की या बावन्नचा अर्थ काय होतो. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. "लेकरा, मग तुझं कसं रं?"

"माझं बघा की आता तुम्हीच," मी म्हणालो.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझ्या फायद्याचं काही नाही. मास्तरांनी पुन्हा परंड्यात शंभर डाव खेळायचे ठरवले, नवा अहवाल गेला, जागा बिरूला मिळाली. मिरगाला मी गादीवर बसलो तो अजून बसलोय. अप्पांना दिलेला शब्द पाळला. पुढं निजामाचं राज्य गेलं, हाली रुपया गेला, मास्तर बदली होऊन अणदूरकडं गेले आणि तिकडंच वारले. बिरू मात्र एकदा दुकानात आला. भला दांडगा गडी, अंगावर तो खाकी कोट. पावशेर गूळ घेतला, मग म्हणाला, "अण्णा, तुमच्या किल्ल्याजवळच्या मैदानात म्या आज खेळून बघितलं. लई सोपं काम हाय हो तुमचं. दहा डावांची सरासरी दोनशे अठ्ठेचाळीस." मास्तरांनी कागदावर अडीचशे काढले होते. मी त्याला गूळ फुकट दिला नाही.

मला त्या नोकरीचं वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. फार वाईट वाटलं, अजून वाटतं. पण मास्तर आठवले की मला ते शंभर डाव आठवतात, आणि त्यांतली शेवटची सकाळ.

मास्तर मला म्हणाले होते, मोजायला दुसरं कुणीतरी घेतो, तू येऊ नकोस. मी म्हणालो, मीच मोजणार. चार सकाळी मी वाकून वाकून मोजत होतो, दांडूला दांडू भिडवून, मध्ये नखाएवढी फट न सोडता. बेचाळीसला बिरू माझ्या बरोबरीला येत होता, आणि त्याच्या वर पडलेला प्रत्येक दांडू मला तेलाच्या डब्याकडं ढकलत होता. मास्तरांनी जरा हात आखडता घेतला असता तर माझं भलं झालं असतं, आणि त्यांचा माझ्यावर जीव होता हे मला ठाऊक होतं. पण त्यांनी आखडता घेतला नाही. ते ओठ चावून, डोळे बारीक करून, जिवाच्या आकांतानं मारत होते.

शेवटचा डाव. पहिला टोला बरा गेला. दुसरा त्याच्याहून बरा. तिसऱ्याला विटी अशी उडाली की नेमकी त्यांच्या खांद्याएवढी आली, आणि मास्तरांचा दांडू तिला असा लागला की आवाज किल्ल्याच्या भिंतीवर जाऊन परत आला. विटी माझ्या डोक्यावरून गेली. मी गलीपासून मोजत मोजत गेलो. साठ झाले, पासष्ट झाले, विटी अजून पुढंच.

"एकाहत्तर!" मी ओरडलो.

मास्तरांनी दांडू टाकला. टोपी काढून हवेत उडवली, ती त्यांना झेलता आली नाही, आणि ते तसेच बोडक्या डोक्यानं, काचा सुटलेल्या धोतरानं माझ्याकडं पळत सुटले, पन्नाशीचे, हिशेबाचे मास्तर, कानडीत एकापासून मोठमोठ्यानं आकडे म्हणत. माझी नोकरी गेली हे मला तिथंच पक्कं कळलं, आणि मी विटीपाशी उभा राहून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होतो.